सहाव्या मजल्यावरून हॅम रेडिओचे ४० आणि ८० मीटर पट्टे : मोठा अँटेना घेण्याआधी नॉइज कोठून येतो ते पाहावे

आपण विचारले आहे की, गोव्यातील ताळगाव येथील आठ मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहत असताना हॅम (हौशी) रेडिओच्या ४० आणि ८० मीटर पट्ट्यांवर, म्हणजे सुमारे ७ आणि ३.५ मेगाहर्ट्झवर, नॉइज (नको असलेला खरखराट) इतका आहे की रेडिओचा एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, रात्रंदिवस नऊच्या खाली उतरत नाही, तर बाल्कनीतील तार काढून तिच्या जागी कोणता मोठा अँटेना लावावा. मी पर्वरीला चौथ्या मजल्यावर हेच दुखणे काही वर्षे सोसले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : एवढ्यात काहीही विकत घेऊ नये. मोठा अँटेना सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच वाढवून आणील. काटा आणखी वर जाईल आणि समोरच्याचा आवाज होता तितकाच पुसट राहील.

खालच्या पट्ट्यांवर हा त्रास अधिक असतो, कारण विजेच्या उपकरणांतून निघणारा नॉइज वारंवारता उतरेल तसा वाढत जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीतील सूत्र घेतले, तर वारंवारता निम्मी होताच तो सुमारे ८ डेसिबलने चढतो. एक एस-एकक, म्हणजे एस-मीटरवरील एक घर, ६ डेसिबलचे धरले, तर २० मीटरवरून (सुमारे १४ मेगाहर्ट्झ) ८० मीटरवर येईपर्यंत काटा जवळजवळ तीन एकके वर सरकलेला असतो, आणि यात आपल्या तारेचा काहीही दोष नसतो.

प्रथम ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारा रेडिओ, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा, घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि मीटर वाचावा. पहिल्या पावसात संपूर्ण इमारतीची वीज जाते, तेव्हा हाच आकडा पुन्हा टिपून ठेवावा. आमच्या घरी त्या वेळी सगळे मेणबत्ती शोधत असतात आणि मी रेडिओकडे धावतो. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे शेजाऱ्यांचा आणि लिफ्टचा वाटा होय. माझ्याकडे सर्वांत मोठा अपराधी स्वतःच्याच स्वयंपाकघरात निघाला : पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा छोटा अडॅप्टर. तो बदलल्यावर ४० मीटरवर दोन एकके उतरली. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर आणि सौर पॅनेलचे इन्व्हर्टर हेही त्याच जातीचे. चवथीला (गणेशचतुर्थीला) दारोदार एलईडीच्या माळा लागतात, ते दिवस मी ८० मीटरचा नादच सोडून देतो.

त्यानंतरची परीक्षा फारसे कोणी करत नाही, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. रेडिओ आणि अँटेना यांना जोडणारी कोॲक्स केबल अँटेनाच्या टोकाला सोडवून तेथे डमी लोड, म्हणजे अँटेनाची जागा घेणारा रोध, जोडावा. आता अँटेनाच नसल्यामुळे बाहेरचा नॉइज थांबायला हवा. तो तरीही ऐकू येत असेल, तर केबलचे बाहेरचे आवरणच अँटेना झालेले आहे आणि घरातील वायरिंगचा नॉइज त्यावरून थेट रेडिओत उतरत आहे. यावर उपाय म्हणजे आवरणावरून येणारा हा प्रवाह अडवणारा चोक : ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे, २.४ इंच व्यासाचे फेराइट टोरॉइड (चुंबकीय पदार्थाचे कडे) घेऊन त्यातून कोॲक्सचे बारा ते चौदा वेढे काढावेत. एक चोक अँटेनापाशी आणि शक्य असल्यास दुसरा केबल घरात शिरते तेथे बसवावा. सहाव्या मजल्यावरून जमिनीपर्यंत अर्थिंगची तार सोडण्याचा विचार मात्र करू नये. तेवढी लांब तार स्वतःच अँटेना ठरते आणि वाटेतील सहा मजल्यांचा नॉइज गोळा करून आणते.

एवढे केल्यानंतर प्रक्षेपणाच्या अँटेनाकडे वळावे. आवारात माड असेल, तर गच्चीच्या कठड्यापासून त्याच्याकडे सुमारे २० मीटरची तार उतरती बांधून, तार आणि केबल यांचा मेळ घालणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरच्या साह्याने तिला टोकाकडून शक्ती पुरवणे हा ४० मीटरसाठी स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. माड वाऱ्याने डोलतो, म्हणून ते टोक कप्पीवरून घेऊन त्याला वजन लटकवावे.

बाल्कनीतील प्रक्षेपण लूपची, म्हणजे नळीच्या वर्तुळाकार अँटेनाची, जाहिरात फार होते, परंतु तिचे गणित आपण पाहून ठेवावे. २२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे ४ मीटर परिघाचे वर्तुळ घेतले, तर ७ मेगाहर्ट्झवर त्याचा प्रारण-रोध (ज्यात गेलेली शक्ती लहरी होऊन बाहेर पडते तो रोध) अवघा ०.०१५ ओहम येतो आणि नळीचा स्वतःचा रोध सुमारे ०.०४ ओहम, म्हणजे सांधे अगदी निर्दोष असले तरी पाऊण भाग शक्तीची उष्णता होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने एखाद्या सांध्यात एक शतांश ओहमची भर पडली की तोटा आणखी वाढतो. म्हणून आपल्याकडे नट-बोल्टचे सांधे चालत नाहीत, डाखच द्यावा लागतो. ८० मीटरवर तर तीच लूप शंभरातील जेमतेम तीन-चार भाग बाहेर टाकते. शिवाय १०० वॉटवर तिच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात, तेव्हा प्रक्षेपण चालू असताना बाल्कनीत कोणीही असता कामा नये.

ऐकण्यासाठी मात्र वेगळा अँटेना ठेवावा, हा माझा खरा आग्रह आहे. ग्रहणाच्या वेळी अँटेनाची कार्यक्षमता गौण असते; सिग्नल नॉइजच्या वर किती आहे, एवढेच पाहायचे असते. एक मीटर व्यासाची, प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) जोडलेली ग्रहण लूप सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर, लिफ्टच्या खोलीपासून जितकी दूर नेता येईल तितकी दूर ठेवावी. लूपच्या पातळीला काटकोनात असलेल्या दिशेने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे ती फिरवून एखाद्या ठळक नॉइजकडे तो बहिरा कोन करता येतो. वरून, आयनांबरातून (वातावरणाच्या लहरी परतवणाऱ्या वरच्या थरातून) येणारे सिग्नल त्यात फारसे पडत नाहीत. नॉइज चारी बाजूंनी येत असेल, तर हा लाभ कमी होतो, हे खरे. प्रक्षेपणाच्या वेळी या लूपची केबल रिलेने तोडलीच पाहिजे, नाहीतर प्रवर्धक जळेल.

मे अखेरीपासून सह्याद्रीवर ढग जमू लागले की ८० मीटरवर जो कडकडाट ऐकू येतो, तो विजांचा असतो आणि त्यावर चोक किंवा लूप यांपैकी कशाचाही इलाज नाही. त्या दिवसांत मी सकाळी ४० मीटरवर पुणे-बंगळूरची मंडळी ऐकून घेतो आणि दुपारी आकाश भरून आले की सर्व केबली रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर टाकतो.