रोज दिव्याला उतरून जावंसं वाटतं

प्रश्न : वय ४७. डोंबिवलीत राहते, मुंबईत एका खासगी कंपनीत २२ वर्षं अकाउंट्सला आहे. मुलगा शिकायला बाहेरगावी. नवरा शांत, सरळ. कर्ज फिटलंय. तरी पहाटेच्या लोकलमधून दिवा स्टेशनला सावंतवाडीची गाडी उभी दिसली की वाटतं, उतरावं आणि कणकवलीजवळच्या माहेरच्या बंद घरी कायमचं निघून जावं. मागच्या महिन्यात खरंच दारापर्यंत आले. हाताला डबा गरम लागला, तशी परत आत सरकले. माझं सुख दुखतंय का?

प्रिय मैत्रिणी,

नाही हो. स्वतःला असं बोल लावू नका. वीस वर्षं पहाटे साडेचारला उठून तो डबा तुम्ही भरताय, जीव उबगणारच.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. नवऱ्याबद्दल त्यात तक्रारीचा एक शब्द नाही. घराकडे मात्र जीव ओढ घेतोय. म्हणजे तुम्हाला माणसं सोडायची नाहीयेत, ही घड्याळाला बांधलेली पहाट सोडायची आहे, असं मला वाटतं. या दोन्हींत फार अंतर आहे. अशा वेळी बायका चुकीची गोष्ट सोडून बसतात, म्हणून काळजीने सांगते.

आधी एकदा डॉक्टरकडे जाऊन या. आपल्याकडे पाळी जायचं वय साधारण ४५ ते ५० च्या आसपास. त्याआधीची काही वर्षं झोप उडते, अंगातून वाफा निघतात, उगाच रडू येतं, सगळं नकोसं होतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. रिपोर्टात काही निघालं म्हणून तुमची ओढ खोटी ठरत नाही. पण थकल्या अंगाने एवढा मोठा निर्णय घेऊ नये.

राजीनामा आत्ता नको. तुमचा पीएफ कापला जात असेल तर पेन्शनचा हक्क २२ वर्षांत पक्का झालाय, पण पूर्ण पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर आधी घेता येते, मात्र जितकी वर्षं आधी, तितके दर वर्षाला ४ टक्के कमी. हिशेबाचं काम तुमचंच आहे, एकदा स्वतःचा मांडून बघा.

आणि रजा टाका. साठलेली असेलच, आपण बायका ती कुणाच्या तरी आजारपणासाठी राखून ठेवतो. तीन आठवडे एकटीने त्या घरी राहा, पण मे महिन्यात नको. मे महिन्यात आंबे-फणस असतात, मुंबईकरांनी गाव भरलेलं असतं, तेव्हा कोकण कुणालाही आवडतं. जुलैत जा. कौलं गळत असतील, कपडे चार-चार दिवस वाळणार नाहीत, लाइट जाईल, संध्याकाळी सातला पडवीत बसलं की पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही. त्यातही तुम्हाला तिथेच राहावंसं वाटलं, तर पुढचं बोलू.

नवऱ्याला मात्र आजच सांगा. दिव्याला दारापर्यंत आले होते, हेही सांगा. बावीस-तेवीस वर्षांच्या सोबतीत त्यांनी ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं. ते घाबरतील, कदाचित 'मीही येतो' म्हणतील. या वेळी एकटीच जाते, रोज रात्री फोन करीन, म्हणावं.

आणि तिकडून मला लिहा. पडवीची कौलं कितपत गळतायत, तेही कळवा.

तुमची,
ताई