कुत्रा कोणाचा, ते नंतर बघू

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, भांडण तुम्ही दोघींनी एका घरात राहून पाळलेला कुत्रा आता कोणाकडे राहणार, याचं आहे. दुसऱ्यांदा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त मजकूर मैत्रिणीनं तुला न विचारता घर सोडायचं ठरवलं, त्याबद्दलच आहे. ते दुखणं खरं आहे. पण ते तिच्याशी वेगळं बोल, कुत्र्याचा विषय मध्ये न आणता. नाहीतर पट्टा दोघी ओढाल आणि गळा त्याचा आवळेल.

कायदा काय म्हणतो, असं विचारलंयस. बहुतेक देशांत कायद्याच्या लेखी पाळीव कुत्रा ही मालमत्ता. त्यामुळे प्रश्न येतो तो कागदांचा : कोणी आणला, पैसे कोणी भरले, लसीकरणाच्या पुस्तिकेवर नाव कोणाचं. काही ठिकाणी हे बदलतंय. कॅलिफोर्नियात २०१९ पासून घटस्फोटाच्या खटल्यात प्राण्याची देखभाल कशी होईल हे न्यायाधीशाला विचारात घेता येतं. स्पेनमध्येही २०२२ पासून विभक्त होताना प्राण्याचं हित बघतात. त्याआधी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशानं डॅशहंड जातीच्या एका कुत्र्याच्या ताब्यासाठी ‘सगळ्यांच्या दृष्टीनं काय बरं’ ही कसोटी लावायचं ठरवलं, आणि सुनावणी एका दिवसात उरकायची असंही बजावलं. पण हे सगळं जोडप्यांच्या भांडणातलं. तुम्ही मैत्रिणी, तुमच्या हाती यातलं फारसं काही लागणार नाही. तुमचा निवाडा तुम्हालाच करायचा आहे.

त्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप तुझ्या नावावर आहे, या मुद्द्यावर फार विसंबू नकोस. चिपमध्ये नाव नसतं, पंधरा आकडी क्रमांक असतो. नाव असतं ते नोंदणीच्या यादीत. हरवलेला कुत्रा घरी आणायला ती फार उपयोगी. पण तिथे नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झालीच असं नाही.

आणि ती परीक्षा तर मुळीच घेऊ नका, खोलीच्या दोन टोकांना उभं राहून हाका मारायची. मी हा प्रकार पाहिलाय. कुत्रा त्या दिवशी सकाळपासून जी घरात नव्हती तिच्याकडे पळाला, कारण ती नुकतीच आली होती. दुसरीच्या खिशात खाऊ असता तर तिकडे वळला असता. त्याला प्रश्नच कळलेला नसतो, मग उत्तर कुठलं देणार?

त्यापेक्षा दोघींनी वेगवेगळ्या कागदावर त्याचा दिवस लिहा. पहाटे कोण उठतं? पाऊस असला तरी कोण नेतं? जंत आणि गोचिडांचं औषध कधी द्यायचं, हे कोणाच्या लक्षात असतं? डॉक्टरकडे टेबलावर त्याला कोण धरून ठेवतं? नव्या घरात तो रोज किती तास एकटा राहणार, हे मात्र खरंखरं लिही. तुझी नोकरी मला माहीत आहे. तो अजून दहा वर्षं जगू शकतो; म्हातारपणी त्याला रात्री उठून बाहेर न्यावं लागेल, तेव्हा घरी कोण असेल, तेही लिहा. मग कागद बदलून वाचा. तुझा कागद तिच्यापेक्षा लहान निघाला तर वाईट वाटेल, पण तो फाडू नकोस.

‘आठवडा तुझा, आठवडा माझा’ हे तू सुचवलंस. माझ्या भावानं आणि मी हेच केलं होतं. न्याय्य वाटणी झाली म्हणून आम्ही खूश. महिन्याभरात आमची कुत्री दोन्ही घरी दाराला लागून झोपू लागली, कोणीतरी आता उचलून नेणारच म्हणून. जेवण अर्धं सोडायची. काही कुत्र्यांना हे जमतंही, घरं जवळ असली, वेळा आणि खाणं तेच असलं तर. तिला नाही जमलं. शेवटी ती भावाकडे राहिली, तो घरून काम करायचा. मी वर्षभर त्याच्यावर रुसले होते. रोज फिरवायला मात्र जात होते.

ठरेल ते लिहून ठेवा. खर्च कोणाचा, मोठ्या आजारात निर्णय कोण घेणार, दुसरीनं भेटायला कधी यायचं. चिपच्या यादीतलं नावही त्याप्रमाणे बदला. आणि तोवर ती बाहेर असताना त्याला घेऊन निघून जायचा विचार मनात येईल. येतोच. तेवढं करू नकोस. त्यानंतर तिच्याशी बोलायला जागाच उरणार नाही.

रविवारी बोलणार आहात ना? आधी त्याला लांब फिरवून आणा, दोघी मिळून. दमला की तुमच्या पायाशी झोपेल. मग आवाज चढवणं दोघींनाही जरा अवघड जाईल.

सस्नेह,
तुझी ताई