मावशी, माझा विश्वास गेला का?

दर शनिवारी दुपारी मी आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत लोकांच्या अडचणी ऐकायला बसते. एक पंखा, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, झालं माझं क्लिनिक. येणाऱ्यांमध्ये नवरा-बायकोची भांडणं, दारू, पोरांची लग्नं हेच जास्त. पण गेल्या काही वर्षांत तरुण पोरंपोरी एक वेगळीच तक्रार घेऊन यायला लागलीत आणि ती सांगताना आवाज इतका खाली जातो जणू काही चोरीच केलीये. येशू देव आहे असं मला आतून वाटतच नाहीये, मग माझा विश्वास गेला का, माझं तारण (म्हणजे पापातून सुटका) गेलं का? त्यातल्याच एका मुलीबद्दल लिहितेय, तिला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगी नगरकडची, पुण्यात शिकायला, हॉस्टेलवर. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणायची बक्षिसं हिने किती घेतली असतील देव जाणे. नाताळच्या सुट्टीहून परत येताना आईच्या करंज्यांचा डबा आणला, रूममेटने करंजी खाता खाता सहज विचारलं की तुमचा येशू म्हणजे आमच्या राम-कृष्णासारखा अवतारच ना गं? मग देवाचा मुलगा का म्हणता, आणि मुलगा असेल तर देव कसा? बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. पण हिची बोलती बंद. काहीतरी गुळमुळीत बोलली आणि रात्री पांघरुणात फोन काढून बसली, तिथे एक रील सापडलं की येशूला ३२५ साली एका राजाने मतदान घेऊन देव केलं. मग एकापाठोपाठ एक. मार्चपर्यंत गोष्ट इथवर आली की प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) रविवारी पोरगी तब्येतीचं कारण सांगून घरी बसायला लागली. आईला वाटलं पुण्यात जाऊन बिघडली.

पहिल्या भेटीत मी चूक केली. आता कळतंय, तेव्हा मात्र मला वाटत होतं की मी फारच छान करतेय. तिने प्रश्न विचारले आणि मी उत्तरं देत सुटले, सव्वा तास! म्हणलं अगं, निकेयाची परिषद ३२५ सालीच झाली, सम्राट कॉन्स्टंटाईननेच बोलावली, पण येशू साधा माणूस होता का हा तिथला वादच नव्हता. एरियस नावाचा एक धर्मगुरू होता, तो सुद्धा येशूला साधा माणूस म्हणत नव्हता, त्याचं म्हणणं की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे पण तोही निर्माण केलेला, पित्याच्या तोडीचा नाही. ते परिषदेने नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं लिहून काढलं. आणि येशूची भक्ती तर त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून चालू होती, सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर, जो स्वतः ख्रिस्ती नव्हता, तो सम्राट ट्रेजनला पत्रात कळवतो की ही माणसं पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून गाणी म्हणतात. प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र त्याच्याही आधीचं, दुसरा अध्याय उघड, येशू देवाच्या स्वरूपाचा होता असं तिथे लिहिलंय. मार्काच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) तर अगदी सुरुवातीलाच छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला येशू म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, तेव्हा यहुदी शास्त्री कुरकुरतात की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करणार? म्हणजे तो काय बोलतोय ते त्यांना बरोब्बर समजलं होतं.

रूममेटच्या प्रश्नावरही बोलले. म्हणलं अवतार हा शब्द आपल्या मातीतला आहे, त्याने बोलायला सुरुवात करायला काही हरकत नाही, पण पुढे फरक सांगावा लागतो. आपण म्हणतो की देव एकदाच, एका विशिष्ट माणसात आला, पंतय पिलाताच्या काळात, त्याला भूक लागायची, तो नावेत उशी घेऊन झोपला, रडला, मेला, आणि मेलेल्यातून उठल्यावरही माणूसपण टाकून गेला नाही, हातावरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच. आणि पुत्र म्हणजे देवाला बायको आणि मग मूल असं नव्हे, नातं सांगणारा शब्द आहे तो.

सगळं बरोबरच होतं, आजही मी हेच सांगेन. ती वहीत लिहून घेत होती, मी खूश. पुढच्या शनिवारी आली तर डोळ्यांखाली काळं आणि झोप आणखी कमी.

मग मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, रात्री तू नक्की करतेस काय? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, मॅडम, मी दिवा बंद करते, डोळे मिटते आणि मनात म्हणते येशू देव आहे. मग बघते आत काही वाटलं का. नाही वाटलं तर परत म्हणते. कधी कधी वाटतं, मग बरं वाटतं दोन मिनिटं, मग मनात येतं की हे खरंच वाटलं की मीच ओढूनताणून वाटवलं? की परत पहिल्यापासून. एक वाजतो, दीड वाजतो. आता तुम्ही दिलेले मुद्दे पण त्यात घातलेत, प्लिनी आठवते आणि बघते खात्री झाली का.

मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही. माझा प्लिनी त्या पोरीच्या छळाला लागला होता! आमची आजी गॅसचं बटण बंद केलं का बघायला चार चार वेळा उठायची, बटण बंदच असायचं पण मन काही बंद व्हायचं नाही, इथे तोच प्रकार विश्वासाच्या बाबतीत. रोप रुजलं का म्हणून रोज उपटून बघितलं तर रुजेल कसं? मी तिला सरळ सांगितलं, तुझा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तरही शोधायचं आहे, पण तू जे रात्री करतेस ते उत्तर शोधणं नाहीये, ते तपासणं आहे, आणि तपासण्याला अंत नसतो. हे ३-४ आठवड्यांत कमी नाही झालं तर आपण सायकियाट्रिस्टला भेटू असंही तेव्हाच सांगितलं. एका मुलाला मी तसं पाठवलेलं आहे, त्याचा दिवसच्या दिवस यात जायचा, गोळ्यांनी त्याला खूप फरक पडला, आणि गोळी घेणं म्हणजे अविश्वास असं जे काही लोक सांगतात ना, त्यांच्याशी मी भांडते.

मग मार्काचा नववा अध्याय काढला. त्यात एका मुलाला झटके येतात, तो कधी आगीत पडतो कधी पाण्यात, बापाने शिष्यांकडे आणलं तर त्यांना जमेना. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. यात कसली आलीये शंभर टक्के खात्री? येशू त्याला टोकतो, तेव्हा बाप ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात. मी तिला विचारलं, मग येशू काय करतो? तिने वाचलं आणि म्हणाली, मुलाला बरं करतो. म्हणलं मध्ये काही आहे का, की जा आधी उरलेला अविश्वास संपवून ये? तिने दोनदा वाचून बघितलं. नाहीये म्हणाली.

तो बाप आपल्या मनात बघत बसला नाही, येशूकडे बघून बोलला, शंका होती ती पण त्यालाच सांगितली. विश्वासाने प्रतिसाद देणं म्हणजे मला तरी एवढंच समजतं, आतल्या मीटरचा काटा कुठे आहे ते पाहणं नव्हे. उठलेल्या येशूला पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या शिष्य थोमाचंही तसंच आहे, आपण त्याला उगाच संशयी म्हणून बदनाम केलंय, संशय होता तरी तो बाकीच्यांना सोडून गेला नाही, आठ दिवसांनी त्याच घरात होता, आणि माझा प्रभू व माझा देव हे त्याच्याच तोंडून निघालं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर उठलेला येशू समोर उभा आहे, शिष्य नमन करतात, तरी कित्येकांना संशय वाटला असं लिहिलंय. पुढच्याच ओळीत येशू त्या सगळ्यांना कामाला पाठवतो, संशयवाल्यांना वेगळी रांग नाही.

प्रभुभोजनाची भीती मात्र चिवट होती. अयोग्य रीतीने भाकर खाल्ली तर दंड, हे करिंथकरांच्या पत्रातलं वचन तिला तोंडपाठ. म्हणलं तोच अध्याय थोडा वरून वाच. करिंथात काही लोक आधीच येऊन खाऊन पिऊन झिंगायचे आणि गरीब उपाशी राहायचे, पौल चिडलाय तो त्यावर, रात्री झोप न येणाऱ्या पोरीवर नाही. आणि पहिल्या भोजनाला बसलेल्यांपैकी शिष्य पेत्राने त्याच रात्री येशूची ओळख तीनदा नाकारली, भाकर त्यालाही मिळाली होती.

जाता जाता पंडिता रमाबाईंचं सांगितलं. तिची गाडी पुण्याहून दौंडमार्गे नगरला जाते, वाटेत केडगाव लागतं (नगरजवळचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं), तिथे रमाबाईंनी निराधार बायका-मुलांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन आहे हे तिला माहीत होतं, शाळेत सहलही गेली होती. पण रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व यावर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले, कुणी सांगितलं म्हणून मानणार नाही म्हणाल्या, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं गेली. आणि त्याच बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) मराठीत आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम. आपल्या मंडळीत रमाबाईंचे फोटो लावतात, ती पत्रं कोणी वाचून दाखवत नाही, याचा मला राग आहे.

तिला काम दिलं ते साधं. रात्री फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी मार्काचा एक अध्याय, १६ अध्याय म्हणजे १६ दिवस, आणि वाचताना मला खात्री वाटते का हा प्रश्न विचारायचा नाही, येशूने वादळ शांत केल्यावर नावेतल्या शिष्यांना पडला तो विचारायचा, हा आहे तरी कोण? जे सुचेल ते वहीत. तपासायची उबळ आली तर तिच्याशी भांडायचं नाही, आलीस का, बस, म्हणायचं आणि कूस बदलायची. रूममेटला खरं सांगायचं की मला नीट सांगता आलं नाही, मी वाचतेय.

लगेच जादू वगैरे नाही झाली. दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री परत दीड वाजला. वहीत मात्र मजेशीर गोष्टी यायला लागल्या, येशू चिडतो हे मला माहीतच नव्हतं, अंजिराच्या झाडाला येशूने शाप दिला ते मला पटलं नाही, स्पर्श कोणी केला असं गर्दीत का विचारतो? रूममेट म्हणे आता रोज विचारते आज काय वाचलंस. मे महिन्यात घरी गेली तेव्हा आईशेजारी बसून तिने प्रभुभोजन घेतलं, हात थरथरत होते म्हणाली, आईने काही विचारलं नाही, नुसता रुमाल पुढे केला.

त्यानंतर एका बुधवारी सकाळी साडेसातला तिचा फोन. मी कुकर लावत होते, म्हणलं एवढ्या सकाळी काय झालं बाई. घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाली, मावशी, (मॅडमची मावशी कधी झाले मला आठवत नाही) शनिवारपासून मी रात्री तपासायचंच विसरले, आत्ता लक्षात आलं, चालतं ना?