आई-वडिलांचा आशीर्वाद नसेल तर कामात यश येत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांशी अबोला आहे, दिवाळीत दुकान सुरू करताय आणि नातेवाईक म्हणतायत की आशीर्वाद नसेल तर बरकत येणार नाही. आशीर्वादाला महत्त्व आहे, खूप आहे, पण दुकान बुडेल म्हणून भीती घालणं मला मुळीच पटत नाही.

महाभारतात बघा, युद्धाचे अठराही दिवस दुर्योधन गांधारीकडे विजयाचा आशीर्वाद मागत होता आणि ती माउली पोटच्या पोराला एकच सांगत राहिली, यतो धर्मस्ततो जयः. म्हणजे आईचा आशीर्वादसुद्धा धर्माच्या वर नाही. तुमचा धंदा सचोटीचा असेल तर घाबरायचं कशाला?

पण त्याच युद्धाच्या सुरुवातीला युधिष्ठिर कवच-शस्त्रं उतरवून पायी समोरच्या सैन्यात शिरतो आणि भीष्मांचे पाय धरतो. भीष्म लढणार कौरवांकडूनच, त्यात काही बदल होणार नाही, तरी ते त्याला विजयाचा आशीर्वाद देतात. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो कारण भांडण मिटलेलं नसतानाही वाकता येतं आणि समोरच्याला मनापासून भलं चिंतता येतं, हे त्यात दिसतं. वाकणं म्हणजे सगळं पटलं असं नाही. मातृदेवो भव, पितृदेवो भव सगळ्यांना पाठ असतं, पण तैत्तिरीय उपनिषदात लगेच पुढे गुरू असंही सांगतात की आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको.

आणि आपलं पंढरपूर तर यावरच उभं आहे ना. पुंडलिक आधी आई-वडिलांना छळायचा अशी कथा आहे, मग डोळे उघडले आणि सेवेत असा रमला की देव दारात आला तरी वीट पुढे टाकून थांब म्हणाला. देव थांबला, तो अजून उभाच आहे! चंद्रभागेत स्नान झालं की आधी पुंडलिकाला माथा टेकायचा, मग विठ्ठलाला, आणि जयघोषातही पहिलं नाव त्याचंच. त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, तो फक्त सेवा करत होता.

आमच्याकडे कुठे लांब निघालं की वाकायचं हे ठरलेलं. आई बहुतेक वेळा भाकरी थापत असते, हात पिठाने भरलेले, मग मनगटच डोक्याला टेकवते, नजर तव्यावरच, "सुखी राहा, पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणते. पण त्या वाकलेल्या क्षणी कोण बरोबर, कोण चूक, कुणी किती कमावलं हे सगळं डोक्यातून जातं, आणि हा 'मी' जरा सैल होतो तेच मी अध्यात्म समजतो. ज्यांचे आई-वडील गेलेत ते फोटोपुढे वाकतात, त्यांनाही ते मिळतं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी नका जाऊ, लोकांसमोर बोलावल्यासारखं होईल आणि वडील आणखी आखडतील. चार दिवस आधी जा, एकटेच. जुना विषय काढू नका, परवानगी मागू नका, दुकान कधी सुरू होतंय ते सांगा आणि पाया पडा. ते काही बोलले नाहीत तरी थोडा वेळ बसा, आई चहा टाकेलच, तो घेऊनच उठा.