लेकराची फाइल आधी हातात घ्या

वाचकांचे प्रश्न : दवाखाना आणि कायदा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू वावर आहे. सुनेचं पहिलं बाळंतपण प्रायव्हेट दवाखान्यात केलं. दिवस पूर्ण भरले होते, सोनोग्राफीत सगळं चांगलं होतं. संध्याकाळी भरती केलं, रात्री कळा वाढवायची सलाईन लावली. डॉक्टर घरी गेले, एक सिस्टर होती. पहाटे विहीणबाईंनी पाहिलं तर पाणी हिरवं जात होतं. मुलानं डॉक्टरला फोनवर फोन केले. ते उजाडल्यावर आले, चिमटा लावून लेकरू काढलं. लेकरू रडलंच नाही. 108 नं यवतमाळला नेलं, तिथं पेटीत ठेवलं, झटके आले. आज नातू 14 महिन्यांचा आहे. मान धरत नाही, मूठ उघडत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) सांगितली आहे. बिल 38 हजार झालं होतं, कापूस विकून भरलं. आता दवाखान्याच्या ओळखीचा एक माणूस येतो, म्हणतो 1 लाख घ्या आणि स्टॅम्पवर सही करा. नागपूरचे एक वकील अर्धी रक्कम मागतात. मुलगा पोलिसात जाऊ म्हणतो. गावातले म्हणतात, भरती करताना सह्या दिल्या, आता काही होत नाही. काय करावं?
— एक आजोबा, जि. यवतमाळ

उत्तर : काकाजी, नमस्कार. सर्वांत आधी, त्या स्टॅम्पवर कोणाचीही सही होऊ देऊ नका. तुमची नाही, मुलाची नाही, सुनेची तर नाहीच. नातवाला कदाचित आयुष्यभर फिजिओथेरपी, औषधं आणि सांभाळणारं माणूस लागेल. त्यापुढे 1 लाख किती दिवस पुरतील? तडजोड करायचीच असेल तर ती केस दाखल झाल्यावर, ग्राहक आयोगासमोर, कागदावर करता येते. कायद्यात मध्यस्थीची सोय आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. आजार उशिरा कळला, म्हणून निदानाच्या तारखेपासून मोजा, असा युक्तिवाद करता येतो. सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो. पण त्यावर विसंबू नका. नातवाच्या जन्मतारखेपासून मोजा. म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत, आणि त्यातले पहिले काही आठवडे कागद गोळा करण्यातच जातील.

वकिलीची सनद घेण्याआधी मी एका ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये सिस्टर होते. म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते. असली केस कागदावर उभी राहते आणि कागदावरच पडते. तुमच्याकडे डिस्चार्ज कार्ड आणि बिल असेल. तेवढ्यानं भागत नाही. हवा तो पूर्ण केस पेपर : भरतीची वेळ, कळांची आणि बाळाच्या ठोक्यांची नोंद, सलाईन कधी सुरू केली आणि त्यात ऑक्सिटोसिन (कळा वाढवायचं औषध) किती घातलं, पाणी हिरवं दिसल्याची नोंद आहे का, डॉक्टरांना कधी कळवलं, ते कधी आले, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार (बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण) किती, रेफर चिठ्ठीत काय लिहिलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे (2002 चे नियम) रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर 72 तासांत हे कागद द्यावे लागतात. पण ते सांभाळून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. अर्ज सुनेच्या सहीनं, दोन प्रतींत. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. तरीही कागद दिले नाहीत तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि ही टाळाटाळ पुढे आयोगासमोर त्यांच्याच अंगावर येते.

बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 असावे लागतात. कळा वाढवायची सलाईन सुरू असताना ते निदान दर अर्ध्या तासानं मोजून लिहायचे असतात, कारण कळा फार जवळजवळ यायला लागल्या की बाळाला प्राणवायू कमी पडतो. त्यात पाणी हिरवं, म्हणजे बाळानं आत शी केलेली. तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. मी अशा फायली पाहिल्या आहेत, ज्यात रात्रभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या : 140, 138, 140, 138. अकरा वाजताही तेच, पहाटे चारलाही तेच. आणि ते बाळ मात्र रडलं नाही. कागद हाती आले की हे पान आधी उघडा.

तुमच्या बाजूचा पुरावा घरात आहे. मुलाच्या फोनमधली त्या रात्रीची कॉलची यादी वेळेसकट जपा, मोबाइल बदलू नका. आणि काकाजी, एक विनंती. पत्र तुम्ही लिहिलंत, मुलाचं आणि गावाचंही म्हणणं आलं, पण सुनेचं म्हणणं त्यात कुठेच नाही. त्या खोलीत रात्रभर ती होती. तिला निवांत बसवा, तिच्या आईलाही बोलवा, आणि कोण कधी आलं, काय बोललं, पोटावर दाब दिला का, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. पुढे तिचंच शपथपत्र लागणार आहे. दिवस गेले की वेळा पुसट होतात.

आता एक कडू गोष्ट. सेरेब्रल पाल्सी झालेली सगळीच मुलं बाळंतपणातल्या चुकीमुळे तशी नसतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, पोटात असतानाचा जंतुसंसर्ग, जन्मानंतरची जास्त कावीळ अशी बरीच कारणं असतात. समोरचे वकील हेच म्हणतील. चूक झाली, आणि त्या चुकीमुळेच इजा झाली, या दोन्ही गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागतात. तुमच्या बाबतीत दिवस भरलेले, सोनोग्राफी चांगली, पाणी हिरवं, डॉक्टर उशिरा, बाळ रडलं नाही आणि लगेच झटके, ही साखळी मला गंभीर वाटते. पण माझ्या वाटण्याला किंमत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांचे कागद आणि मेंदूचा एमआरआय झाला असेल तर त्याचा रिपोर्ट एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवून लेखी मत घ्या. आयोगही बहुतेक वेळा फाइल सरकारी मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांकडे पाठवतो.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. कोणता आयोग आणि किती फी, हे तुम्ही भरलेल्या बिलावर ठरतं. 5 लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य, आणि 38 हजारच भरले म्हणून भरपाई तेवढीच मिळते असं नाही. तक्रारदार नातू (आईवडील पालक म्हणून) आणि आईवडील स्वतः, दोघंही. हा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये मान्य केला आहे. समोरच्यांना उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. पुढे शपथपत्रं आणि युक्तिवाद. महिन्यांत संपेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, वर्षं लागतात. तमिळनाडूत 1996 साली सरकारी दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. वेळेवर डोळे तपासले नाहीत म्हणून ती आंधळी झाली. सर्वोच्च न्यायालयानं सुमारे 1 कोटी 80 लाखांची भरपाई दिली, ती 2015 साली. रक्कम ठरवताना पुढच्या उपचारांच्या वाढत्या खर्चाचाही विचार झाला. म्हणून प्रत्येक पावती, बसचं प्रत्येक तिकीट एका पिशवीत टाका, आणि सुनेची बुडालेली मजुरीही लिहून ठेवा.

भरतीच्या वेळच्या सह्यांचं म्हणाल, तर ती संमती उपचाराला असते. हलगर्जीपणाला कोणी संमती देत नाही.

पोलिसात जायचं असेल तर मुलाला एवढं सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, अत्यंत गंभीर हलगर्जीपणा लागतो, आणि पोलिस आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात. शिवाय त्यातून नातवाच्या थेरपीचा खर्च निघत नाही. आणि पोरं घेऊन दवाखान्यात जाऊ नका. तोडफोडीला महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई वेगळी. तुमची खरी केस त्या एका दिवसात मातीत जाईल.

अर्धी रक्कम मागणाऱ्या वकिलांना नाही म्हणा. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. बाई आणि लहान मूल यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. यवतमाळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन 15100. (ज्यांचं बाळंतपण सगळ्यांना मोफत असलेल्या सरकारी दवाखान्यात झालं, त्यांना ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असतो. त्यांनी दिवाणी दाव्याचं किंवा हायकोर्टाचं तिथेच विचारावं. त्यांना कागद माहिती अधिकारातही मागता येतात.)

निकालाची वाट पाहत नातवाची थेरपी थांबवू नका. जिल्हा स्तरावर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं फिजिओथेरपी मोफत आहे. आता, मेंदू वाढत असतानाच तिचा उपयोग जास्त. दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करा, आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्याचाही. त्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना 1 लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. थेरपीच्या प्रत्येक भेटीचा कागदही फाइलला लावा.

तो माणूस पुन्हा आला तर भांडू नका. आम्ही केस पेपर मागितला आहे, तो मिळाल्यावर बोलू, एवढंच सांगा. आणि अर्जाची पोच मिळाली की तिची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. तक्रारीचा मसुदा मी वाचून देईन.