तारापूरच्या पट्ट्यात नवीन तलाठी म्हणून येताय?

आधी एक लक्षात घ्या, अणुऊर्जा प्रकल्पात काही बिघडलं तर कुंपणाबाहेर लोकांना सावध करणं हे जिल्हा प्रशासनाचं, म्हणजे आपलंच काम. आणीबाणीचं नियोजन 16 किलोमीटरपर्यंतचं असतं. सरावात रिक्षावरच्या भोंग्यातून ‘किरणोत्सर्ग’ म्हणालात की अर्धी वस्ती स्टँडकडे पळते. त्यापेक्षा एवढंच बोला: “घरात जा, दारं-खिडक्या लावा, पाणी-अन्न झाका, पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.” दोनदा, सावकाश, पाड्यांवर वारलीत. सराव असेल तर तसं सुरुवातीला आणि शेवटी सांगा. आयोडीनच्या गोळ्या फक्त आदेश आल्यावरच, त्या थायरॉइडपुरत्याच कामाच्या. आणि समुद्रात गेलेल्या होड्या? त्यांचा निरोप मच्छीमार सोसायटीतून जातो. तो नंबर आजच वहीत लिहा. मोबाइल ऐनवेळी दगा देतो.