सासूबाईंचे डोळे ‘आलेले’ नाहीत, आजच डोळ्याचं प्रेशर मोजा

सहा आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्याची धमनी बंद पडून नजर गेली, आता तोच डोळा लाल, कपाळ ठणकतंय आणि मेडिकलवाल्याने डोळे आल्याचे थेंब दिलेत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या बाबांचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, पण सोमवारपर्यंत थांबू नका. मळमळ, उलटी सुरू झाली तर पित्त समजून गोळी देत बसू नका, रात्र असली तरी निघा.

रक्त न मिळालेला पडदा नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतो. त्या बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर पसरतात, डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन बुजवतात आणि डोळ्यातलं प्रेशर चढतं, म्हणजेच काचबिंदू होतो. एरवी प्रेशर 10 ते 21 (मिलिमीटर पारा) असतं, बाबांचं 50 च्या वर गेलं. हा काचबिंदू बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच गाठतो.

आमचं नुकसान झालं ते तपासणीच्या पद्धतीमुळे. नाव घेत नाही, पण त्या दवाखान्यात नंबर लावला की काउंटरवरची मुलगी लगेच बाहुली मोठी करायचे थेंब घालायची. बाहुली पसरली की रंगीत भाग आक्रसतो, मग त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसणार कशा? डॉक्टर फक्त पडदा बघायचे आणि ‘आहे तसंच आहे, नजर काही येणार नाही’ म्हणून पाठवायचे. नजर येणार नाही हे आम्हालाही कळलं होतं हो! दुसरीकडे थेंब न घालता पाहिलं, भिंग टेकवून कोन तपासला आणि लगेच निदान झालं. तोवर कोन बराच चिकटला होता. म्हणून थेंब घालायला आल्या की सरळ हात आडवा धरा: ‘आधी प्रेशर, मग कोन, थेंब नंतर.’ उद्धट वाटलात तरी चालेल.

डोळ्यातल्या इंजेक्शनने त्या रक्तवाहिन्या काही दिवसांत सुकतात, पण परिणाम टिकत नाही. पडद्यावर लेझर लागतंच, असं माझं मत. नुसत्या इंजेक्शनवर भागवू म्हणाले तर मी तरी दुसरीकडे दाखवेन. तुमची केस वेगळी असू शकते.

धमनी कशाने बंद पडली ते शोधायला मानेच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी), हृदयाची इको झालीच असेल असं धरतो. चावताना जबडा दुखतो का, कानशिलाला हात लावला तर दुखतं का, तेही विचारा. तसं असेल तर कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते; ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच दिवशी, कारण त्या आजारात दुसरा डोळाही जाऊ शकतो.

विम्यासाठी लेझरच्या कागदांवर ‘डे केअर’ (रात्रभर ऍडमिट न होता केलेले उपचार) असं स्पष्ट लिहून घ्या. ‘पेशंट ऍडमिटच नव्हता’ म्हणून आमचा क्लेम किती महिने लटकवला, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि नंबर नसला तरी पॉलीकार्बोनेट काचांचा चष्मा करून द्या, आता एकाच डोळ्यावर भिस्त आहे. बाबा कुरकुरतात, पण शेवग्याच्या शेंगा पाडताना तरी घालतात.